अकरा तांबड्या खुणा आणि एक परवलीचा शब्द

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मुद्रितशोधन, म्हणजे पुस्तक छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने काढणे, आता निवृत्त, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे. शुद्धलेखनावर तर कायमच होतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मेहुण्याने आणून पाहिला, मी जुमानला नाही. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत टायपिंगच्या चुका होत्या.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. बाल्कनीकडची खोली मात्र मुलीची, कारण तिथे तिची आई बसत असे. बँकेतले जे काही असेल तेही निम्मे वाटून घ्यावे आणि त्यावरून भांडू नये. भांडायला पुढची कलमे आहेत.

२. मोठा शब्दकोश मेहुण्यास. फॅमिली ग्रुपवर त्याने आजवर ज्यांना ज्यांना ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ वाहिली, ते गेले ते सुटले. माझ्या निधनाचा मजकूर मी स्वतः तपासून टेबलाच्या खणात ठेवला आहे. तोच पाठवावा. पदरचे एक अक्षरही घालू नये.

३. ई-मेलची पेटी. हे कलम लांबणार आहे, जवळ पाणी घेऊन बसावे.

माझी पहिली पेटी चिरंजीवांनी उघडून दिली, फुकटातली. परवलीचा शब्द म्हणून एक ते आठ आकडे ठेवले. “म्हणजे बाबा, तुमच्या लक्षात राहील.” राहिला, सगळ्यांच्याच लक्षात राहिला. दोन वर्षांपूर्वी मी डॉक्टरांना मूळव्याधीबद्दल एकच पत्र लिहिले. दुसऱ्या दिवसापासून जिकडे बघावे तिकडे मलमांच्या जाहिराती! आणि रविवारी भर जेवणात मेहुणा विचारतो, “काय भावजी, आता बसता येतं का?” जाहिरातवाल्यांना यंत्राने सांगितले असेल, याला कोणी सांगितले? तर म्हणतो, “अहो, सहज उघडली तुमची पेटी. आपल्यात काय परकं आहे?”

त्याच आठवड्यात मी एन्क्रिप्टेड सेवेकडे गेलो. तिथे पत्र कुलूपबंद जाते आणि ज्याचे त्यालाच उघडते. खुद्द पेटी चालवणाऱ्यांनाही आतले दिसत नाही. चिरंजीव हसले. “बाबा, या वयात तुम्हाला लपवायचं तरी काय आहे?”

“मग तू बाथरूमला आतून कडी का लावतोस?” मी विचारले.

सूनबाईंना हसू आवरेना. चिरंजीव पान सोडून उठले.

४. लपवायचे काय होते, ते आता सांगतो.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझी बायको नर्स म्हणून दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने मला पहिले पत्र लिहिले, चार पानी. मी त्यातल्या अकरा चुकांवर तांबड्या खुणा करून ते तिला परत पाठवले. मला वाटले, मदत केली! शेवटची ओळ होती, ‘तब्बेत सांभाळा’. मी दुसरा ‘ब’ खोडून तिथे ‘य’ केला. उलट टपाली उत्तर आले, “यापुढे पत्र लिहिणार नाही. यात काही चुकलं असेल तर कळवा.” मी कळवले, की काहीही चुकलेले नाही. इतका मी गाढव.

तिने शब्द पाळला, एकतीस वर्षे. मग मुलीच्या बाळंतपणाला गेली ती वर्षभर तिकडेच राहिली, मुलीकडून टाइप करायला शिकली आणि मला ई-मेल पाठवू लागली. दोनशे अकरा आल्या. प्रत्येकीच्या शेवटी तेच, ‘तब्बेत सांभाळा’. एकदा मी उत्तरात मुद्दाम लिहिले, “माझी तब्येत उत्तम आहे.” लगेच आले, “कळला टोमणा. मी तब्बेतच लिहिणार.”

चार वर्षांपूर्वी ती गेली. तिची पत्रे मेहुण्याने चाळावीत हे मला खपत नव्हते. बहीण त्याची असली तरी पत्रे माझी आहेत. ती सगळी मी नव्या पेटीत हलवली आणि जुनी पेटी पुसून टाकली. नव्या सेवेने बजावले होते, परवलीचा शब्द हुकला तर पेटी कायमची गेली, आम्हीसुद्धा काही करू शकणार नाही. मी तिचीच शेवटची ओळ परवलीला ठेवली, तिच्या चुकीसकट.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडेना. ओळ तर तोंडपाठ! पाच वेळा टाइप केली, तेव्हा पेटीने दिवसभरासाठी दार लावून घेतले. मग नीट पाहिले: बोटे आपोआप ‘य’ घालत होती. जन्मभराची खोड, चूक करायची म्हटले तरी हात करीना. त्या दिवशी मला रडू आले. एवढ्या वर्षांत मी तिची एकदाही माफी मागितली नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

५. ही पेटी मुलीस. मृत्युपत्र आधी तिने एकटीने वाचावे, पेटी उघडावी आणि परवलीचा शब्द ताबडतोब बदलावा. तिचा मामा हे वाचल्यावाचून राहणार नाही. पत्रे तिने भावालाही वाचून दाखवावीत. त्याच्या आईने त्याच्याबद्दल बरेच चांगले लिहिले आहे, ते मला पटलेले नाही. एकाही अक्षराची दुरुस्ती करू नये.

६. तांबडी पेने टाकून द्यावीत.

खुलासा: वकिलांच्या टायपिस्टबाईंनी कलम चारमधला तो शब्द तिन्ही ठिकाणी दुरुस्त करून आणला होता, वर म्हणाल्या, “काका, तुमच्याकडून अशी चूक बरी दिसत नाही.” तसेच राहिले असते तर पेटी जन्मात उघडली नसती. मी तिन्ही ठिकाणी तो हाताने पुन्हा लिहिला आहे आणि खाली ठिपके दिले आहेत. आमच्या धंद्यात शब्दाखाली ठिपके दिले की त्याचा अर्थ, आहे तसे असू द्या. तिच्या पत्रात द्यायचे राहिले होते.

स्थळ: बाल्कनीकडची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणार

यांनी आम्हा दोघांसमक्ष, राजीखुशीने आणि चष्मा लावून सही केली.

साक्षीदार १: शेजारच्या दंतवैद्य बाई (सही)

साक्षीदार २: छापखान्यातला जुना कंपोझिटर (सही). तिन्ही चुका पाहिल्या. तशाच ठेवल्या.