पूर्णेनं नेलेली रांग

बाई, तुमचा गिरजा आता अर्धाच उरलाय. पूर्वेची भिंत आणि तिच्यामागची कबरींची पहिली रांग पूर्णा नदीनं गेल्या पावसाळ्यात नेली. तुम्ही दुसऱ्या रांगेत होता, म्हणून वाचलात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी ही बातमी तुम्हाला द्यायचं काम माझंच आहे असं तेव्हापासून वाटत राहिलंय.

गिरजाच्या ओसरीत तुमची शाळा भरायची. मी तिसरीत होतो, आणि दर रविवारी सकाळी आमच्या मळ्यातली शेवंती घेऊन तुमच्याकडे यायचो. तुम्ही पुढे, मी टोपली घेऊन मागे, असे आपण तुमच्या आईच्या कबरीपर्यंत जायचो. एका रविवारी मी बाजारातून उरून आलेली आदल्या दिवशीची फुलं वर पाणी शिंपडून आणली. तुम्ही एक फूल हातात घेतलंत, उलटं करून देठ पाहिला आणि टोपली परत दिलीत. "ही विकायला नेली होतीस ना? जा, ताजी घेऊन ये. मी इथंच उभी आहे." मळा दीड मैल लांब. मी रडत गेलो, रडत आलो, आणि तुम्ही खरंच तिथंच, उन्हात उभ्या होता. हे तुम्ही माझ्या बापाला कधी सांगितलं नाहीत. पुढे मी अमरावतीच्या राजापेठेत राहून शिकायला निघालो, तेव्हा किल्लीचं गजराचं घड्याळ दिलंत आणि म्हणालात, "राजापेठेत तुला कोंबडा उठवणार नाही."

तेव्हा नदी कबरींपासून इतकी लांब होती की आम्ही पोरं मध्ये विटीदांडू खेळायचो. आपल्याकडचा काठ मऊ मातीचा. पूर ओसरला की घराएवढा तुकडा सुटून पाण्यात बसतो. दरवर्षी थोडं थोडं जात होतं, म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नाही. दोन वर्षांपूर्वी वेदीमागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, तेव्हा धावाधाव झाली. सरकारी साहेब आले, फोटो काढले, काठ बांधायचा प्रस्ताव पाठवतो म्हणाले. अमरावतीहून जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी सांगितलं, एकेक दगडावर आकडा टाकून अख्खा गिरजा उंचावर नेऊन उभा करता येतो. त्या गेल्यावर आम्ही सगळे आत बाकांवर बसलो. तुमच्या समाजाची चारच घरं गावात राहिलीत, बाकी सगळे अकोल्याला, अमरावतीला. तुमच्या वेळी घंटा वाजवायचे ते काका आता नव्वदीला आलेत. ते म्हणाले, "दगड नेता येतीन हो. पण आत बसाले मानसं कुठून आनता?" मग ठरलं, की घंटा, दरवाजा आणि कबरी तेवढ्या हलवायच्या. जागा मी देतो म्हणालो, मळ्याच्या वरच्या अंगाची.

घरी आल्यावर बायकोनं विळा खाली ठेवला. "आपल्या वावरात मसनवटी? कावून? गावात दुसऱ्या कोनाले वावर नाही का?"

"बाईसाठी," मी म्हणालो.

तिनं निवडायची भाजी पुढ्यात ओढली. "मले सही त्याइनंच शिकवली," ती म्हणाली. "द्या. पन वांग्याच्या वाफ्यापासून दूर."

अकोल्याच्या गिरजातल्या पाळकांनी कबरी हलवायला मृगाच्या आधीचा रविवार दिला होता. सगळ्या जुन्या कबरींवर दगड नव्हते. तुमच्या आईचा तर काकांनी भेग पडली तेव्हाच पोरांकडून उचलवून ओसरीत आणून ठेवला होता, पण जागा त्यांना आता आठवत नव्हती. लहानपणीच्या रविवारच्या फेऱ्यांमुळे कोण कुठं आहे हे नीट सांगणारा मी एकटाच, म्हणून माझ्यावाचून काम अडत होतं. आणि मीच म्हणालो, मिरचीचं रोप लावून होऊ द्या, पुढच्या रविवारी करू. त्या आठवड्यात आमच्याकडे कडक ऊन होतं. पाऊस वर मेळघाटाच्या डोंगरात पडला. बुधवारी सकाळी मी रोपं लावत असताना कोरड्या आभाळाखाली नदी भरून आली, आणि दुपारी घंटेवाले काका माझ्या बांधावर येऊन नुसते उभे राहिले. मी पोचलो तेव्हा भिंतीच्या जागी आभाळ दिसत होतं.

रविवारी पाळक आले. तुम्हाला आम्ही नीट बाहेर काढलं, बाई. काकांनी आपलं धोतर अंथरलं होतं. मग त्यांनी तुमच्या आईचा दगड दाखवून मला विचारलं, "माय कुठं हाय रे हिची? तुलेच ठाव." चिखलात खुणा राहिल्या नव्हत्या. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी, हे मला पक्कं माहीत होतं, आणि तिथं आता पाणी वाहत होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी दोन पावलं मागे सरकलो आणि एका मोकळ्या जागेकडे बोट केलं. "इथं." माती निघाली, नुसती माती. इतक्या वर्षांनी मातीच निघणार, असं पाळक म्हणाले. ती पेटीत भरली, मळ्यात आणून तुमच्या शेजारी ठेवली, वर दगड बसवला. काकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मायलेकी सोबत आल्या." मी मान डोलावली.

तुमच्या शेजारी तुमची आई नाही, बाई. काठावरची माती आहे. तो आठवडा मी मिरचीला दिला, हे काकांना माहीत आहे. बाकीचं कुणालाच नाही. हे सगळं लिहून काल तुमच्यापुढे वाचायला आलो होतो. पण बायको जवळच मिरच्या तोडत होती, तिला ऐकू गेलं असतं. मी कागद खिशात ठेवला आणि तुम्हाला यंदाच्या पावसाचं सांगून परत आलो.