काब्रीतचं दुसरं मरण

सेंट जॉन्स, अँटिग्वा
गुरुवार, १४ मार्च

प्रिय भाऊ क्लेमंट,

गावी तुम्ही सगळे खुशाल असाल. आम्हीही ठीक. आईच्या छातीचे टाके सुकले. काल तिनं माझ्या माशाच्या रश्श्याला नावं ठेवली, म्हणजे तब्येत सुधारतेय. फोन न करता ई-मेल लिहितेय, कारण या घरात कुजबुजलेलंही तिला ऐकू जातं. आणि ऑलिव्हमावशी गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तू पाठवलेला इंटरनेट रेडिओ सुरू झाला. वाय-फायचा पासवर्ड एकच बटण फिरवत अक्षर अक्षर भरायचा. मी अगदी मेटाकुटीला आले. त्यात जगभरची स्टेशनं आहेत, डॉमिनिकातलं आपल्या गावचं तेवढं नाही. ते कॉम्प्युटरवरून पत्ता टाकून आपणच जोडायचं असतं. मी जोडलं. मग दुपारच्या निधनवार्ता आठवल्या आणि लगेच काढून टाकलं. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का नको.

पण आई रोज विचारायची, "गाव लागलं का गं?" शेवटी तिला करमावं म्हणून तू जे गावच्या स्टेशनचे गेल्या महिन्यातले कार्यक्रम आणि गाणी पेनड्राइव्हवर भरून दिली होतीस, तीच लावली आणि त्या फोल्डरला स्टेशनचं नाव दिलं. आई खूश! अळकुड्या सोलता सोलता निवेदकाशी गप्पा मारायची. मी मात्र दुपार झाली की घामाघूम.

काल घात झाला. रेकॉर्डिंग संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, माझं लक्षच नव्हतं. निवेदक म्हणाला, "बर्नार्ड तूसाँ, म्हणजेच काब्रीत, यांचं निधन झालं..."

आईनं सुरी खाली ठेवली. "अगं, याला मागच्याच आठवड्यात पुरला ना? परत मेला?"

"पुन्हा वाचत असतील."

"पुरल्यावर कोण वाचतं? व्हर्नीस, तुझ्या बापाला खोटं बोलण्याखेरीज काही येत नव्हतं, तुला तेही धड येत नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. तिनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "ऑलिव्ह ना? तिचा फोन बिघडला म्हणालीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला. "तू नको सांगूस. आपल्याकडे माणूस गेला की रेडिओ सांगतो. सगळं गाव ऐकेल तेव्हा मीही ऐकेन. आणि त्यात माझं नाव आलं पाहिजे. मी बहीण आहे तिची. अजून जिवंत आहे."

क्लेमंट, मावशी मागच्या आठवड्यात मंगळवारी गेली, आणि तिच्या वार्तेतून आपण आईचं नाव गाळलं, का तर कुणी तिला सांत्वनाचा फोन करू नये. दफन शनिवारी आहे, म्हणजे उद्या दुपारी वार्ता पुन्हा वाचतील. हा ई-मेल मिळताच स्टेशनवर जा आणि मजकूर बदलून घे. तिनं सांगितलंय तसाच: "बहीण फिलोमेन, म्हणजेच दूदू, सध्या अँटिग्वात." मावशीच्या मुलांच्याही आधी. आणि दूदू विसरू नकोस, फिलोमेन म्हटलं तर गावात कुणाला कळणार?

गावचं स्टेशन आता पहिल्या बटणावर लावलंय. शेजारची नर्स येऊन बसणार आहे, गोळ्या हाताशी ठेवल्यात. आई तिकडे काळ्या ड्रेसला इस्त्री करतेय.

मावशी गेल्याचं ती सोसेल, असं आता मला वाटतं. पण त्यात तिचं नाव आलं नाही, तर ते तिला सोसायचं नाही.

दूदूची मुलगी,
व्हर्नीस