बाभळीची पाचर

आबा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि आज रविवारी दुपारी मी तुम्हाला मांस दाबायच्या मशिनबद्दल लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर आधी हसला असतात. मग चष्मा लावून विचारलं असतंत, किती टनी आहे. खराडीच्या पुढे आमचा कारखाना आहे. तुमच्या वेळी तिथे ज्वारी उभी असायची, आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांतली पोरं दुपारी कँटीनमध्ये सँडविच खातात. त्या सँडविचमधली चिकनची चकती आमच्याकडे तयार होते. सगळ्या चकत्या एका मापाच्या लागतात, म्हणून बिनहाडाचं मांस आधी अर्धवट गोठवायचं, तो गोळा पोलादी साच्यात उभा करायचा आणि वरून प्रेसने दाबायचा. विटेसारखा चौकोनी ठोकळा निघतो, मग तो कापायला सोपा. तुमच्या शॉपमध्ये पत्रा दाबत, आमच्याकडे मांस दाबतात, फरक एवढाच.

हा प्रेस कोणता घ्यायचा ते मी ठरवलं, दोन वर्षांपूर्वी. आणि गेल्या मंगळवारी त्याच्याखाली एका बाईची तीन बोटं गेली, डाव्या हाताची. अपघात कसा झाला याचा अहवाल मलाच लिहायला सांगितला आहे. त्यात दोष तिचा निघाला तर तिला कामावर परत घेणार नाहीत, हे आमच्या प्लँट मॅनेजरांनी मला शांतपणे समजावून सांगितलं आहे. दोष मशिनचा निघाला तर ते मशीन कुणी पसंत केलं हा प्रश्न येतो, हे त्यांनी त्याहूनही शांतपणे सांगितलं. अहवाल लिहून झाला आहे, सहीसुद्धा केली आहे. उद्या सकाळी द्यायचा. आत्ता तो टेबलावर आहे आणि पंख्याने उडू नये म्हणून त्याच्यावर मी तुमची पाचर ठेवली आहे.

तुमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात आपोआप बाहेर राहणार. कागदावर अगदी झकास. पण पत्रा एका हाताने धरला तर काम भराभर उरकतं, म्हणून एक बटण आत दाबून त्याच्या कडेच्या फटीत लाकडाची पाचर बसवायची, की ते दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. ही सगळ्या शॉपची रीत होती. गाड्यांच्या नव्या कंपन्या पुण्यात आल्या, ऑर्डरी वाढल्या, तसा सुपरवायझर स्वतःच विचारायचा, पाचरी आहेत ना पुरेशा. तासायचात तुम्ही. बाभळीच्या, कारण तुमची पाचर कधी निसटत नसे. त्याचा तुम्हाला अभिमान होता, आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी तुमच्याच पाचरीपायी तुमच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. कंपनीच्या कागदावर कारण लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली सही त्याच सुपरवायझरची.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी चौथीत होते. मला आठवतं ते विश्रांतवाडीच्या खोलीतलं स्वयंपाकघर. रविवार आहे, आईने खिम्यात आलं-लसूण कालवून पातेलं तुमच्यापुढे सरकवलंय आणि तुम्ही स्टोव्हशेजारी पाटावर बसून वड्या थापताय. प्रत्येक वडीवर तुमच्या हाताची खूण उमटते, एका बाजूला पहिलं बोट, दुसऱ्या बाजूला करंगळी, मधे कोरी जागा. मी त्या वड्या मोजत बसते. तुम्ही म्हणता, दाब असा द्यायचा की पाणी सुटायला नको आणि वडी फुटायलाही नको. आई वडी तव्यात सोडताना न चुकता खुणेची बाजू खाली करायची. मला वाटायचं, तसंच तळायचं असतं. परवा मी घरी वड्या केल्या तेव्हा माझ्याही हाताने वडी उलटीच केली, आणि तिच्यावर तर काही खूणही नव्हती.

पुढे मी डिप्लोमाला गेले. दुसऱ्या वर्षी आम्हाला कारखान्यातल्या सुरक्षेचा विषय होता आणि मी स्वतःला फार शहाणी समजू लागले होते. एकदा जेवताना तुम्हाला म्हणाले, आबा, दोन बटणं तुमच्याच भल्यासाठी होती, तुम्हीच पाचर लावलीत, मग चूक कुणाची? आई ताटावरून उठून गेली. तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात.

"पाचर म्या तासली, कबूल हाय," तुम्ही म्हणालात. "पर फट कुणी ठेवली? त्ये तुझ्या पुस्तकात हाय का?"

पुस्तकात नव्हतं. मी आठवडाभर तुमच्या नजरेला नजर दिली नाही, आणि माफी मागितली नाही ती नाहीच. डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे आणले. तुम्ही मला सुपारीची जुनी डबी दिलीत. आत ती पाचर होती, तीच, कडेला काळी पडलेली. तुम्ही म्हणालात, कधी मशीन घ्यायची वेळ आली तर इकणाऱ्याचं काय बी ऐकू नको, ही बसतीय का बघ. बसली तर त्ये मशीन घिऊ नको. मला तेव्हा घड्याळ हवं होतं. घड्याळ मिळालं नाही म्हणून मनात खट्टू झाले होते, हेही आज सांगून टाकते.

आता प्रेसचं सांगते. निवड दोनांतून करायची होती. एकाला पुढून जाळीचं दार होतं. दार पुरतं लागल्याखेरीज प्रेस जागचा हलत नसे, आणि उघडझाप करण्यात वेळ जाई. दुसरा पुढून उघडा, दोन बटणांचा, चपळ. दोन्हींची मापं, दाब, धुवायला लागणारा वेळ, सुटे भाग कुठे मिळतात, सगळ्याचा मी तक्ता केला होता, आणि तक्ता दाराच्या मशिनकडे झुकत होता. मॅनेजरांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, आपल्याला प्रेस घ्यायचाय, बँकेची तिजोरी नाही." मीटिंगमध्ये सगळे हसले. मीही हसले. एवढ्या वर्षांत त्या टेबलाशी बसलेली मी एकटीच बाई आहे, आबा, आणि तिथे घाबरट ठरायची माझी तयारी नव्हती. हा माझा दोष आहे, मी तो कुणावर ढकलत नाही.

उघड्या मशिनची चाचणी बघायला मी एकटीच गेले होते. विकणाऱ्याने गोळे ठेवून दाखवले, खटाखट ठोकळे निघाले. तुमची डबी माझ्या पर्समध्ये होती, मशीन बघायला जाताना मी ती नेहमी नेते. पण कोटटाय घातलेल्या माणसांसमोर लाकडाचा तुकडा काढायची मला लाज वाटली आणि मी ती बाहेर काढलीच नाही. परत येऊन मी तक्ता बदलला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही ते जगला आहात. गोळा नीट गोठलेला नसला की साच्यात कलतो, कललेला दाबला की कोपरा फुटतो आणि ठोकळा बाद होतो. म्हणून एका हाताने तो सरळ धरायचा. म्हणून एक बटण अडकवायचं. आमच्याकडे लाकडाला मनाई आहे, कुसळ मांसात जायला नको, त्यामुळे बायकांनी निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटचे तुकडे कापून पाचरी केल्या होत्या. स्वच्छता बघणाऱ्या आमच्या माणसाला त्या रोज धुतलेल्या ट्रेमध्ये दिसत होत्या आणि त्याने त्यांच्यापुढे 'स्वच्छता चांगली' अशी नोंद केली होती. मी स्वतः दोनदा त्या ट्रेशेजारून गेले आहे.

शुक्रवारी मी बोटं गेलेल्या त्या बाईला भेटायला दवाखान्यात गेले. ती तिकडची, यवतमाळची. नवरा इथे बांधकामावर आहे. हाताला मोठं बँडेज, तो हात उशीवर ठेवलेला. मी येताना दिसले तशी ती उठून बसायला लागली. मी पडून राहा म्हटलं तरी तिने उजव्या हाताने पदर सारखा केला.

"तुमी कायले आल्या मॅडम एवढ्या दूर," ती म्हणाली. "माहीच चूक झाली. सायबाले सांगा, एका हातानं बी काम करतो मी."

मी तिच्यासाठी मोसंबी नेली होती. ती कोण सोलून देणार हा विचार मी विकत घेताना केला नव्हता. मीच एक सोलली, तिला फोडी दिल्या आणि निघाले. घरी आल्यावर मी अहवाल पुरा केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, कामगाराने सुरक्षा यंत्रणेत अनधिकृत फेरफार केला. तुमच्या सुपरवायझरचं दोन शब्दांत भागलं होतं. मी शिकलेली, मला सहा लागले.

अहवालात शेवटी एक प्रश्न आहे, खरेदीच्या वेळी यंत्राची सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी केली होती काय. मी 'होय, समाधानकारक' असं लिहिलं आहे. उद्या तो कागद द्यायचा की फाडून दुसरा लिहायचा, हे सकाळपासून ठरत नाहीये. ठरेल असं म्हणण्याइतका माझा आता माझ्यावर भरवसा नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, ते डबीतही मावणार नाही, कपड्यांच्या कपाटात तळाशी राहील. पण त्यात तरी खोटं राहायला नको.

चाचणीच्या दिवशी पाचर पर्समधून काढलीच नाही असं मी वर लिहिलं आहे. ते खरं नाही. ती माणसं चहा सांगायला बाहेर गेली होती आणि मी मशिनपाशी एकटी होते. मी डबी उघडली, डावं बटण दाबलं आणि पाचर फटीत सरकवली. ती बसली, आबा. मग मी एका हाताने दुसरं बटण दाबलं आणि प्रेस खाली आला. कपांचा आवाज ऐकू आला तशी मी ती काढली, रुमालाने पुसली आणि परत डबीत ठेवली.