दादाच्या कपाळावरचे ओले स्पंज

प्रिय वहिनी,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. डोक्याला मार लागल्यापासून वस्तू भिरकावणारा दादा आपोआप शांत झालेला नाही. दवाखान्यात त्याच्या कपाळावर ओले स्पंज बांधून विजेचा सौम्य प्रवाह सोडतात आणि पडद्यावर लाल ठिपका आला की बटण दाबायला निघालेलं बोट आवरायला शिकवतात.

“शॉक देताय का मला?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

“नुसत्या मुंग्या येतील. आवरायचं तुम्हालाच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुण येईलच असं काही त्या बोलल्या नाहीत. तरी तो एकही दिवस चुकला नाही.

काल आईनं त्याची कापडाची कात्री पुठ्ठ्यावर चालवली. शिंप्याच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही! दादाचा हात वर गेला, थांबला, खाली आला. “आई, आता याच बोथट कात्रीनं तुझे कपडे बेततो, मग रडू नकोस,” म्हणाला. मला त्याचा केवढा अभिमान वाटला!

माहेराहून परत यायचं ठरवण्याआधी तुम्हाला हे कळायलाच हवं. घरात शिकलेली मी पहिली, म्हणून तुम्ही माझ्या अक्षराला खरं मानता. पण पत्र तुम्हाला तुमचे भाऊ वाचून दाखवतात, आणि त्यांना ‘शॉक’ एवढाच शब्द दिसेल. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. स्वतःच येऊन सांगेन, येत्या रविवारी, बारा तारखेला.

तुमची नणंद