डेन्झिलची जर्सी कुणी द्यायची

थॉर्न्ली, यॉर्कशायर
४ मार्च १९५६

तीर्थरूप मामंजींस,
सा. न. वि. वि.

डेन्झिलला जाऊन दोन महिने होतील. तुमची फुलं पोचली होती. चिठ्ठी नव्हती, पण कॉर्नवॉलचा शिक्का पाहून कळलं. मी आणि मोर्वेना बऱ्या आहोत. ती शाळेत जाते. वडिलांसारखीच सकाळी कुणाशी बोलत नाही.

लिहायचं कारण असं. ईस्टरच्या सोमवारी इथल्या क्लबाचा सामना आहे. आधी दोन्ही संघ डेन्झिलसाठी एक मिनिट उभे राहतील. मग घरातल्या वडीलधाऱ्यानं त्याची आठ नंबरची जर्सी नव्या खेळाडूच्या हाती द्यायची, अशी इथली रीत आहे. वडीलधारे तुम्हीच. डेन्झिल पैसे घेऊन खेळतात ते तेरा जणांचं रग्बी खेळायला उत्तरेत आला, म्हणून तिकडच्या हौशी क्लबानं त्याला जन्मभरासाठी बाहेर काढलं. त्याच क्लबाचं मैदान तुम्ही राखता, हे मला ठाऊक आहे. नऊ वर्षं तुम्ही दोघं बोलला नाहीत, तेही ठाऊक आहे. तरी विचारते. मला एकटीला मैदानात जाववणार नाही.

लोभ आजवर मागितला नाही, आज मागते.
आपली सून
विनिफ्रेड


ट्रेवार्न, कॉर्नवॉल
११ मार्च १९५६

चि. विनिफ्रेडला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. येणं जमणार नाही. पैशाच्या रग्बीच्या मैदानात पाऊल टाकणाऱ्याला आमच्या क्लबात जागा नाही. हा नियम मी तिथं कामाला लागण्याच्याही आधीचा आहे. डेन्झिलची आई गेल्यापासून मला ते गवत आणि तो रोलर एवढंच आहे. ते गेलं तर सकाळी उठून जाऊ कुठं?

एक विचारायचं होतं. तो खाली वाकून धडक द्यायला शिकला का? इथं असताना फार ताठ धावायचा. मी ओरडून ओरडून थकलो. आणि तिकडची माणसं त्याच्याशी नीट वागली का?

मोर्वेनाला पापा. माझ्यावर राग धरू नकोस, माझा तुझ्यावर कधीच नव्हता.
जेबेझ पेनहेल


थॉर्न्ली
१७ मार्च १९५६

तीर्थरूप मामंजींस,
सा. न. वि. वि.

हो, शिकला. बरगड्या मोडून घेतल्यावर शिकला.

सुरुवातीचे सामने तो नाव लपवून खेळला. पारखून घेण्याच्या काळात वर्तमानपत्रात नुसतं ‘आणखी एक खेळाडू’ असं छापतात, म्हणजे नाही जमलं तर माणसाला गुपचूप परत जाता येतं. पण ह्या शहाण्यानं नाव लपवलं आणि पायात मोजे घातले ते तुमच्या क्लबाचे, पट्ट्यापट्ट्यांचे! फोटो छापून आला आणि तुमच्याकडच्या कुणीतरी ते ओळखले. मी नंतर खूप चिडवलं. तो म्हणाला, की ते आईनं विणलेत, दुसरे घातले की पाय ऐकत नाहीत.

आठवडाभर खाणीत आणि शनिवारी मैदानात, असं त्याचं चाले. संघातले त्याला पेस्टी म्हणत, कारण सामन्याच्या दिवशीही त्याच्या डब्यात तुमच्याकडची ती खिमा-बटाटा भरलेली पेस्टी असायचीच. आर्नल्ड म्हणून कप्तान आहे. तो सांगतो, की पेस्टीला पाडायला तीन माणसं लागत, पण उठवायला नुसती जेवणाची हाक पुरे. असं चिडवणाऱ्या ह्याच लोकांनी शेवटच्या आजारात पाळीपाळीनं आमचा दारात ओतलेला कोळसा आत आणून टाकला.

इंग्लंडकडून तो दोनदा खेळला. मानाची टोपी मिळाली तेव्हा ती तुम्हाला पाठवावी की काय, ह्यावर आठवडाभर विचार करत बसला. मग म्हणाला, की नको, बाबांच्या नियमात ते बसायचं नाही. तुमच्याबद्दल तो रागानं कधी बोलला नाही.

सामन्याला या असं आता म्हणत नाही. नातीला बघायला या आणि सामन्याच्या वेळी घरी बसा. माझ्याबरोबर शेजारच्या हेटीबाई येतील.

तुमच्या जिवाला घोर लागेल असं काही करू नका, एवढंच मागणं.
विनी


ट्रेवार्न
९ एप्रिल १९५६

चि. विनीला आणि माझ्या नातीला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली पोर्कची पाई ब्रिस्टल यायच्या आतच संपली.

तुमचा खेळ मला अजून पुरता कळलेला नाही. आमच्या पंधरांच्या मानानं मैदानात दोन माणसं कमी आहेत, असं मी शेजारच्या गृहस्थाला म्हटलं. तो म्हणाला, की आजोबा, त्या दोघांची नुसती लुडबूड होते, म्हणून आम्ही त्यांना घरीच ठेवतो. जर्सी देताना तू माझं कोपर धरलंस ते बरं झालं. तो नवा मुलगाही ताठच धावतो. त्याला सांगा कुणीतरी.

इकडे क्लबाच्या समितीला बाहेरून कळायच्या आत मीच जाऊन सांगितलं. सेक्रेटरी भला माणूस आहे. म्हणाला, की जेबेझ, नातीला बघायला गेलो होतो एवढंच म्हण, बाकी आम्ही ऐकलंच नाही. मी म्हटलं, की नात पाहिलीच, पण गेलो होतो तो माझ्या मुलाच्या मैदानावर. मग त्यानं रोलरच्या शेडची किल्ली परत मागितली. दिली. त्यालाच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सवयीनं लवकर उठलो. समुद्रापर्यंत चालून आलो आणि विचार केला. तुमच्या मैदानाच्या खालच्या बाजूच्या गोलखांबांपाशी पाणी तुंबतं. तिथलं गवत पार मेलं आहे. आर्नल्डला विचार, की मे महिन्यात हंगाम संपला की मी येऊन ती जागा खणून नवं बी पेरलं तर चालेल का. ऑगस्टपर्यंत धरेल. पगार नको. तुमची माडीवरची खोली रिकामी असली तर तिथं निजेन.

माया शब्दांत लिहायची मला सवय नाही. गवताचं तेवढं लवकर कळव, पेरणीचे दिवस निघून जातात.
तुझा मामंजी
जेबेझ