आत्याच्या शाळेमागचं कुरण

माकुसानी, ४ मे १९९३

ती. एउदोसियाताईस, फोर्तुनातोचा सा. न. वि. वि.

औषधं पोचली. आईचा खोकला कमी आहे, बोलणं नाही. त्या शहरी बाईला डोंगर आठवतो का, असं रोज विचारते.

काम असं, की लोकर-संघाने आपल्या कळपासाठी एकदाचा पांढरा नर द्यायचं कबूल केलंय. अट एकच, कळपात रंगीत अल्पाका एकही नको. गिरणीला पांढरीच लोकर हवी. बाकीच्या रंगीत मागेच विकल्या. उरली सातूची चुम्पी. सातूच्या जावळाच्या वेळी पहिली बट तू कापलीस आणि ते तपकिरी पिल्लू तिच्यापुढे उभं केलंस. तेव्हापासून ती सातूचीच, पुढे तिची पिल्लंही सातूचीच. पोरगी आठच वर्षांची, पण तिचा होकार नसताना चुम्पीला खाटिकखान्याला जाणाऱ्या दामासोच्या ट्रकमध्ये चढवली, तर गावात तोंड दाखवता येणार नाही. मी सांगून थकलो. तुझं ती ऐकेल. तू मास्तरीण आहेस, लिही काहीतरी.

आईचे आशीर्वाद, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा धाकटा,
फोर्तुनातो


आरेकिपा, १५ मे

चि. फोर्तुनातोस आशीर्वाद.

सोबतचं पत्र सातूला दे. शाळेमागे कुरण नाही, सिमेंटचं अंगण आहे, हे तुला माहीत आहे. तीनदा खरं लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. पोरीला रडवायचं नव्हतं म्हणून, की तिच्या रडण्याला मी कारण व्हायला नको म्हणून, हे अजून ठरवता आलेलं नाही. तरी पाठवते आहे.

ताई

चि. सातूस आत्याचे पोतंभर आशीर्वाद.

तुझं अक्षर सुधारलं, पण ओळी अजून डोंगर चढतात! एक विचारायचं होतं. माझ्या शाळेमागे कुरण आहे, पाण्याचा पाट आहे. इथल्या मुलांनी अल्पाका जवळून पाहिलेली नाही. तुझी चुम्पी पाठवशील? दामासोकाका ट्रकमधून नीट आणतील. तू हो म्हटलंस तरच हं. जनावर तुझं आहे.

तुझ्या पापीची वाट पाहणारी,
आत्या


माकुसानी, २ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

काम फत्ते. तुझं पत्र सातूने इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. चुम्पीच्या कानांत तिने नवे लाल गोंडे ओवले, शहरातल्या मुलांना आवडावेत म्हणून. चुम्पी फळीवर पाय ठेवेना. आम्ही चौघांनी ओढली तर दामासोच्या टोपीवर थुंकली. शेवटी सातू स्वतः ट्रकमध्ये चढली, आतून गुणगुणली, आणि ती मुकाट तिच्यामागे गेली. मी लोकरीची गाठोडी मोजायचं निमित्त करून घरात गेलो.

आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. चुम्पीचं जानेवारीतलं पिल्लू चास्का मात्र दूधशुभ्र निघालंय. पुढच्या कळपाची सगळी आशा तिच्यावर आहे. सध्या आईसाठी दिवसभर कण्हते, होईल सवय.

लोभ आहे तसाच राहू दे.

फोर्तुनातो


आरेकिपा, १४ जून

चि. फोर्तुनातोस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस वर्गात मुलांकडे बघवेना. माझ्या शब्दावर सातूने आपल्या हाताने चुम्पीला चढवली. तिला खरं सांगायला हवं, आणि ते मीच. पत्रातून सांगणं निर्दयपणाचं वाटतं. जुलैअखेर सुट्टी लागली की येते आणि समोर बसून सांगते. हा विचारीपणा की भित्रेपणा, मला विचारू नकोस. मी स्वतःला विचारते आहेच. तोवर तू काही बोलू नकोस.

सगळ्यांना सांभाळ.

ताई


माकुसानी, ३० जून

प्रिय आत्यास, सातूचा वाकून नमस्कार.

ओळी सरळ आल्यात का बघ. बाबा रस्त्याच्या कामाला गेलेत, चार दिवसांनी येतील. आजी म्हणते, तुझी आत्या फार शिकलीय. हे चांगलं म्हणते की वाईट, ते कळत नाही.

चास्का काही खात नाही. आईसाठी सारखी कण्हते. मी गुणगुणले तरी गप्प होत नाही. मग सुचलं की कुरण मोठं असेल तर दोघी मावतील. आज दामासोकाका आले. ते म्हणाले, ही फार लहान आहे, बाबांना विचार. मी सांगितलं, चुम्पी माझी म्हणून चास्कापण माझीच, आणि तू लिहिलंयस की जनावराच्या मालकिणीने हो म्हटलं की पुरे. त्यांनी खूप वेळ डोकं खाजवलं. मी विचारलं, चुम्पी तिथे कशी आहे, तर म्हणाले, तुझ्याशी काही बोलायचं नाही असं तुझ्या बाबांनी बजावलंय. मग चास्काला उचलून ट्रकमध्ये ठेवली.

तुझं उत्तर येईपर्यंत ट्रक थांबणार नाही ना, म्हणून तुला आधी विचारलं नाही. हे पत्रही त्यांच्याच हाती देतेय, म्हणजे ते आणि चास्का बरोबरच पोचतील. तिला आधी आईजवळ सोड. मुलांना नंतर दाखव.

ती पोचल्याचं लगेच कळव.

तुझीच,
सातू