निळीच राहिलेली नळी

४ जुलै

चि. बटण,
अनेक आशीर्वाद.

सोबत सहा बिस्किटं पाठवतोय, खायला नव्हे, तपासायला. बेकरीवाला छातीठोकपणे सांगतो, यात साखर नाही. माझा मधुमेह तुला ठाऊकच आहे. त्यात महिन्यापूर्वी कात्री पायाच्या अंगठ्यावर पडली, ती जखम काही भरत नाही. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. पायाने मशीन चालवणाऱ्या शिंप्याने मग करायचं काय?

तुझी काकू साखरेच्या डब्यावर पहारा देऊन बसलीय. तुमच्या कॉलेजात प्रयोगशाळा आहे, बघ जरा. घराण्यात रसायन शिकणारी तू पहिलीच, गिऱ्हाइकांपुढे तेवढा रुबाब मारतो मी.

उत्तराची वाट बघणारा,
तुझा काका

११ जुलै

ती. स्व. काकांना
सा. न. वि. वि.

बिस्किट कुटलं, पाण्यात ढवळलं, गाळलं आणि ते पाणी निळ्या द्रावणात घालून उकळलं. ग्लुकोज असतं तर नळी विटकरी झाली असती. आपली निळीच राहिली. साखर नाही, खुशाल खा! कुणालाही न विचारता एकटीने केलं बरं का. काकूंना म्हणावं, बिस्किटांवर पहारा नको.

अंगठ्याला जपा, आणि माझ्यावरचा लोभ वाढू द्या.
तुमची बटण

८ ऑगस्ट

चि. बटण,
अनेक आशीर्वाद.

कोऱ्या चहाबरोबर रोज आठ बिस्किटं हाणतोय. साखर मात्र चढतेच आहे, आणि जखमेला आता वास येतो. डॉक्टरांचा रोख बिस्किटांवर होता. ज्याने तपासली त्याला काही कळत नाही, असंही बोलले. मला राग आला, पण मी त्यांची बरोबर समजूत घातली. पंधरा दिवसांनी अंगठ्याचा निकाल आहे. तू अभ्यास सोडून रडत बसू नकोस.

तुझा काका

१२ ऑगस्ट

ती. स्व. काकांना
सा. न. वि. वि.

आधी बिस्किटं फेका, मग पुढे वाचा.

काल वर्गात कर्बोदकांचे प्रकार शिकवले, तेव्हा माझी चूक कळली. ग्लुकोज, फ्रुक्टोज या सुट्या साखरा, त्या नळीत दिसतात. पण आपली डब्यातली साखर म्हणजे या दोघींची घट्ट जोडी. ती आधी आम्लात उकळून फोडावी लागते, नाहीतर निळं द्रावण तिला ओळखतच नाही. मी ती पायरीच केली नव्हती. उरलेल्यांपैकी एक बिस्किट आज तसं तपासलं. नळी विटकरी झाली.

शिवाय मैदा म्हणजे स्टार्च, असंख्य ग्लुकोज एकामागे एक ओवलेले. जिभेला गोड लागत नाहीत, पण पोटात सुटे होतात. तुमच्या सुती कापडातही ग्लुकोजच, फक्त टाका वेगळा, म्हणून ते आपल्याला पचत नाही.

काका, अंगठा गेला तर तो माझ्यामुळे. डॉक्टरांनाही मी हे सगळं लिहून कळवलंय. मला हे शिक्षण झेपणार नाही, कॉलेज सोडते.

क्षमा करा, असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?
तुमची बटण

२ सप्टेंबर

चि. बटण,
अनेक आशीर्वाद.

साखर उतरली. अंगठ्याचं नख गेलं, अंगठा राहिला. बिस्किटं बंद आणि सदरे पचत नाहीत, मग माणसाने खायचं काय, असं तुझ्या काकूला विचारलं, तर तिने काकडी पुढे केली.

कॉलेज सोडायचं खूळ आधी डोक्यातून काढ. गप्प बसली असतीस तर आम्हाला कधी कळलंही नसतं, आणि अंगठाही गेला असता.

परवा डॉक्टरांनी तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, बिस्किटांचा दोष नाही, मीच चोरून साखर खातो, असं मला शपथेवर का सांगितलंत? मी म्हटलं, पोरीचं पहिलंच वर्ष आहे, साहेब.

तुझाच,
काका